फोरहँडची फेक : जोर आणि फिरकी

(नभोवाणीवरील भाषण)



मुलाकडे वा मुलीकडे म्हणून अमेरिकेत काही महिने राहून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तेथील उद्यानांत एक चमत्कारिक वस्तू पाहिली असेल. सुमारे खांद्याइतक्या उंचीचा लोखंडी खांब, त्याच्या माथ्यापासून चहूबाजूंनी लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्याखाली एक उघडी टोपली. प्रथम पाहणाऱ्याला ती पाखरांना दाणे घालण्याची सोय वाटावी. पण थोडा वेळ थांबले, की दूरच्या झाडीतून एक रंगीत चकती तरंगत येते, साखळ्यांवर खणकन आदळते आणि टोपलीत पडते. हाच ‘डिस्क गोल्फ’ नावाचा खेळ. या खेळातील एका फेकीविषयी, म्हणजे ‘फोरहँड’ फेकीविषयी, आज मी आपल्याशी बोलणार आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु हाताच्या प्रत्येक कौशल्यात जोर कोठे खर्चावा आणि कोठे राखावा हा प्रश्न असतोच, आणि तो या फेकीत जितक्या उघडपणे समोर येतो तितका क्वचितच दुसरीकडे येत असेल.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. नियम गोल्फचेच आहेत. मात्र काठी आणि चेंडू यांच्याऐवजी हात आणि चकती. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करावयाची, चकती जेथे थांबेल तेथून दुसरी, आणि असे करीत कमीत कमी फेकींत टोपली गाठावयाची. अशा बहुधा अठरा टोपल्या झाल्या की डाव संपतो. चकती उडविण्याचा छंद अमेरिकेत त्याहून जुना आहे. फ्रेड मॉरिसन या गृहस्थांनी १९३७ साली पत्र्याच्या डब्याचे झाकण उडवीत हा खेळ आरंभिला, १९५५ साली ‘प्लूटो प्लॅटर’ नावाची प्लॅस्टिकची चकती सिद्ध केली, आणि १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीने तिचे हक्क घेऊन तिला ‘फ्रिस्बी’ हे जगप्रसिद्ध नाव दिले. पुढे त्याच कंपनीतील एड हेड्रिक यांच्या पुढाकाराने १९७५ साली कॅलिफोर्नियात, पॅसाडेना शहराजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात, डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले गेले. साखळ्यांची टोपली ही याच हेड्रिक यांची कल्पना. १९७६ साली त्यांनी या खेळाची व्यावसायिक संघटनाही स्थापिली. त्यानंतर १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस यांनी काठाला उतार दिलेली चकती बनविली. तिचा काठ हवा कापीत जाणारा होता. खेळण्यातली चकती आणि मैदानावरची चकती यांचे मार्ग तेथून वेगळे झाले.

आज या खेळातील चकती सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाची आणि बहुधा १५० ते १७५ ग्रॅम वजनाची असते. खेळाडू ती दोन मुख्य रीतींनी फेकतो. उजव्या हाताने खेळणारा मनुष्य लक्ष्याकडे उजवा खांदा करून उभा राहतो, हात छातीवरून डावीकडे नेतो आणि तेथून तो पुढे ओढून चकती सोडतो, ती बॅकहँड. फ्रिस्बी खेळणारे बहुतेक लोक हीच फेक जाणतात. याउलट, हात उजव्या बाजूसच ठेवून, तळहात आकाशाकडे करून, मनगटाच्या झटक्याने चकती पुढे सोडावयाची, ती फोरहँड. नदीच्या डोहावर चपटा दगड फेकून भाकऱ्या काढण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलो आहोत. त्या वेळी कमरेतून किंचित वाकून, कोपर अंगाशी ठेवून आपण जो हात फिरवीत असू, तोच हा हात. म्हणून ही फेक शिकताना आपण अगदीच कोऱ्या पाटीने येत नाही.

एक फेक उत्तम येत असता दुसरी हवी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर झाडांपाशी आहे. उजव्या हाताची बॅकहँड चकती वेग ओसरला की डावीकडे झुकते; फोरहँड उजवीकडे झुकते. मैदान मोकळे असेल तर याने फारसे बिघडत नाही. पण पुष्कळ मैदाने रानातून आखलेली असतात, आणि दोहो बाजूंच्या वृक्षांमधली वाट कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळते. ज्याला एकच फेक येते त्याच्यापुढे निम्म्या वाटा बंद असतात. दुसरा लाभ दृष्टीचा. बॅकहँडमध्ये हात मागे नेताना खेळाडूची नजर लक्ष्यावरून क्षणभर हलते. फोरहँडमध्ये ती आरंभापासून अखेरपर्यंत टोपलीवर राहू शकते. असे असूनही ही फेक शिकणाऱ्याला दीर्घकाळ छळते. चकती हातातून सुटताच फडफडू लागते, मध्येच उलटून डावीकडे जमिनीत घुसते, किंवा वर चढून जागच्या जागी खाली येते. शिकणारा मग एकच उपाय करतो : अधिक जोर लावतो. आणि फेक अधिकच बिघडते.

हे असे का होते ते समजण्यासाठी भोवऱ्याकडे पाहावे. भोवरा जोवर वेगाने फिरत असतो तोवर तो ताठ उभा असतो. फिरकी मंदावली की डोलू लागतो आणि शेवटी आडवा होतो. हवेतली चकतीही एक भोवराच आहे. तिला हाताकडून दोन देणग्या मिळाव्या लागतात. पहिली पुढे जाण्याचा वेग, आणि दुसरी स्वतःभोवती फिरण्याची गती, म्हणजे फिरकी. वेगामुळे ती हवेवर तरते, फिरकीमुळे ती आपला तोल सांभाळते. बॅकहँडमध्ये चकती अंगाभोवतीच्या मोठ्या वळणातून येत असल्यामुळे तिला फिरकी बरीचशी आपोआप मिळते. फोरहँडमध्ये हाताचा मार्ग आखूड असतो. दंडाच्या बळाने वेग सहज मिळतो. फिरकी मात्र अखेरच्या क्षणी मनगटाने आणि बोटांनी द्यावी लागते. म्हणून जो केवळ जोर वाढवितो तो वेग वाढवितो, फिरकी वाढवीत नाही. आणि वेगाच्या मानाने फिरकी अपुरी पडली की भोवरा डोलू लागतो. माझ्या सगळ्या भाषणाचे सार एवढेच आहे. फोरहँड सुधारणे म्हणजे जोर वाढविणे नव्हे. आहे तो जोर योग्य क्षणी, चकतीच्या पातळीतून, फिरकीच्या रूपाने तिच्यात उतरविणे होय.

चकती वळते कशी हेही या ओघात पाहून घेऊ. फिरत्या वस्तूला एका जागी धक्का दिला, तर त्याचा परिणाम त्याच जागी न दिसता फिरण्याच्या दिशेने पाव वळसा पुढे दिसतो. उजव्या हाताची फोरहँड चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. तिचा वेग कमी झाला, की हवेचा उचलणारा दाब तिच्या पुढल्या भागाकडे सरकतो. त्याचा परिणाम पाव वळसा पुढे, म्हणजे डाव्या बाजूवर होतो. डावी बाजू उचलली जाते आणि चकती उजवीकडे कलते. वेग फार असेल तेव्हा हाच दाब मागल्या भागाकडे राहतो, उजवी बाजू उचलली जाते आणि चकती डावीकडे कलू पाहते. जोराने फेकलेली चांगली फोरहँड प्रथम किंचित डावीकडे आणि शेवटी उजवीकडे जाते, त्यामागील रहस्य हे आहे. डावखुऱ्या खेळाडूने या सर्व दिशा उलट समजाव्यात.

आता प्रत्यक्ष हाताकडे वळू. आरंभ पकडीपासून. तर्जनी व मध्यमा ही दोन बोटे चकतीच्या खालच्या अंगाला जातात, आणि मध्यमेचे पेर काठाला आतून घट्ट टेकते. अंगठा वरून दाबून धरतो. अनामिका व करंगळी काठाबाहेर मुडपून ठेवावयाची. नवशिक्याने तर्जनी थोडी फाकवून चकतीच्या मध्याकडे टेकवली तर चकतीला आधार मिळतो आणि ती डगमगत नाही. मात्र त्यात जोर थोडा कमी होतो. पुढे दोन्ही बोटे जवळ आणून काठाशी ठेवता येतात. पकड कोणतीही असो, अंगठा व तर्जनी यांमधल्या बेचक्यात चकती नीट बसली पाहिजे. तेथे पोकळी राहिली, तर झटक्याच्या क्षणी चकती हातातल्या हातातच हलते, आणि जे हातात हलते ते हवेत शतपटीने हलते.

दुसरी गोष्ट तळहाताची. फोरहँडमधील सर्वांत मोठा दोष येथे आहे. चकती सोडताना पुष्कळांचे मनगट कुलूप उघडल्यासारखे पालथे होते : तळहात खाली आणि अंगठा डावीकडे. त्या एका गिरकीने चकतीची उजवी बाजू उचलली जाते आणि तिच्या अक्षाला पीळ बसतो. फडफड आणि डावीकडे उलटणे या दोन्ही व्याधींचे मूळ बहुधा हेच असते. मनगटाचा झटका चकतीच्या पातळीतच झाला पाहिजे. फेक संपल्यावर हात कोठे आहे ते पाहणे ही याची सोपी परीक्षा होय. तळहात अजून आकाशाकडे असेल, जणू त्यावर कोणी प्रसाद ठेवावा असा, तर फेक शुद्ध झाली. तो पालथा पडला असेल, तर चकती कोठे गेली हे पाहण्याचीही गरज नाही.

तिसरी गोष्ट कोपराची. कोपर बरगडीजवळ असावे आणि हाताच्या आधी पुढे यावे. प्रथम मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर येतो, मग कंबर लक्ष्याकडे उघडते, मग खांदा, मग कोपर, आणि सर्वांत शेवटी, मागे मुरडून राहिलेले मनगट सुटते. चाबकाची मूठ हळू फिरते आणि टोक कडाडते, तसा हा क्रम आहे. नवशिका हात ताठ करून, अंगापासून दूर, गोफण फिरविल्यासारखा फेकतो. त्यात खांदा शिणतो, मनगटाला सुटण्याचा अवसर मिळत नाही आणि फिरकी येत नाही. हात फार मागे नेण्याचेही कारण नाही.

चौथी गोष्ट चकतीच्या तोंडाची. चकतीची पुढली कड वर उचललेली असेल, तर ती हवेवर चढते, वेग गमावते आणि जवळच पडते. पाहणारा म्हणतो, जोर कमी पडला. वास्तविक जोर पुरेसा असतो, तो उंची गाठण्यात वाया गेलेला असतो. यासाठी चकती सोडताना पुढली कड सपाट किंवा अगदी किंचित खाली असावी, आणि उंच फेक हवी असेल तर संपूर्ण हाताची रेषाच वर धरावी. केवळ चकतीचे तोंड वर करू नये.

या चार गोष्टी कळणे सोपे आहे. अंगवळणी पडणे हे सरावाचे काम. सराव कसा करावा? पहिले काही दिवस धाव घेऊ नये. पंधरा-वीस मीटरवर एखादे झाड लक्ष्य धरावे, दंडाखाली काखेत एक घडी केलेला पंचा धरावा आणि तो न पडू देता केवळ कोपराखालच्या हाताने व मनगटाने फेकावे. अंतर मोजू नये. चकती हातातून सुटल्यावर पहिल्या दहा पावलांत ती शांत आहे की फडफडते आहे, एवढेच पाहावे. दहांपैकी आठ फेकी शांत जाऊ लागल्या म्हणजे लक्ष्य थोडे दूर न्यावे. नंतर पायांचा भार बदलावा, नंतर एक पाऊल घ्यावे, आणि अगदी शेवटी चार पावलांची धाव. प्रत्येक पायरीवर फडफड परत आली, तर एक पायरी खाली उतरावे. यात मानहानी काही नाही. गायकही तान सुटली की पुन्हा विलंबितात येतोच.

चकतीची निवडही येथे महत्त्वाची आहे. काही चकत्या मुळातच अशा घडविलेल्या असतात, की त्या सहसा डावीकडे उलटत नाहीत आणि लवकर उजवीकडे वळतात. नवशिक्याला फोरहँडसाठी त्या आवडतात. कारण मनगट पालथे झाले तरी चकती कशीबशी सरळ येते. सामन्यात त्या जरूर वापराव्यात. शिकण्यासाठी मात्र त्या चांगल्या नव्हेत, कारण त्या दोष झाकतात. टोपलीजवळच्या हलक्या फेकीसाठी वापरतात ती जाड काठाची, संथ, सरळ चकती सरावासाठी घ्यावी. ती काही लपवीत नाही. हात चुकला की ती तत्काळ डोलून दाखविते. मिठ्ठास बोलणाऱ्या मित्रापेक्षा स्पष्ट बोलणारा मित्र शिकताना अधिक उपयोगी, हा अनुभव येथेही खरा आहे.

आता एक गंभीर गोष्ट. मी जोराविरुद्ध इतके बोललो ते केवळ फेक सुंदर व्हावी म्हणून नव्हे. फोरहँडच्या फेकीत कोपराच्या आतल्या बाजूवर मोठा ताण पडतो. तेथील बंध हाताच्या हाडांना जखडून धरतो. मनगट मागे आणि कोपर पुढे असताना हा बंध ताणला जातो. बेसबॉलचे गोलंदाज ज्या दुखापतीमुळे वर्षभर घरी बसतात, ती याच बंधाची असते. थंड हाताने आल्या आल्या पूर्ण जोराची फेक करणे, ताठ हाताने खेचणे, आणि दुखत असता ‘आणखी दहा’ म्हणून फेकीत राहणे, हे या दुखापतीचे राजमार्ग होत. म्हणून प्रथम थोडे चालावे, खांदे व मनगटे फिरवावीत, हलक्या फेकींपासून आरंभ करावा. पूर्ण जोराच्या फेकी एका दिवसात थोड्याच असाव्यात. कोपराच्या आत दुखू लागले तर त्या दिवसापुरता खेळ थांबवावा. अनामिकेत व करंगळीत मुंग्या येऊ लागल्या तर तेथून जाणाऱ्या शिरेवर दाब येत असावा, असे समजून डॉक्टरांना दाखवावे. मुलांविषयी तर विशेष जपावे. वाढत्या वयात कोपरातील हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात, आणि मोठ्यांच्या बंधावर जो ताण पडतो तो मुलांच्या त्या कोवळ्या भागावर पडतो. नातू दूर फेकतो म्हणून आजोबांनी टाळ्या पिटाव्यात. पण ‘आणखी दूर’ असे म्हणू नये.

या खेळाच्या शिखरावरील खेळाडू ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने चकती फेकतात. ते पाहून तरुणांना वाटते की सगळे रहस्य स्नायूंत आहे. परंतु त्यांच्या फेकीचे चित्रण सावकाश करून पाहिले तर उलटे दिसते. खांदा सैल असतो, चेहरा शांत असतो. जोर केवळ अखेरच्या निमिषात प्रकट होतो आणि लगेच विरतो. एस्टोनियासारख्या लहानशा देशातील क्रिस्टिन टॅटर हिने २०२२ व २०२३ या दोन्ही साली महिलांचे जागतिक विजेतेपद मिळविले. ज्या खेळाची सुरुवात कॅलिफोर्नियाच्या उन्हात झाली, त्यात बाल्टिक समुद्राकाठची खेळाडू जगात पहिली आली. केवळ आडदांडपणाला येथे मोल असते तर या खेळाचा इतका प्रसार झाला नसता, आणि साठी उलटलेली माणसे नातवंडांबरोबर याच मैदानांवर फिरताना दिसली नसती. ओक ग्रोव्हचे पहिले मैदान आखणारे हेड्रिक २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा काही चकत्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. खेळावर इतके प्रेम करणाऱ्या माणसाने मागे ठेवलेला हा खेळ आहे. तो बाहूच्या हट्टाने मोडून टाकू नये.

तेव्हा ज्यांची मुले वा नातवंडे या खेळात रमली आहेत, त्यांनी त्यांना एवढेच सांगावे : पकड घट्ट, कोपर जवळ, तळहात वर, आणि जोर शेवटी. चकती फडफडली तर जोर वाढवू नये, कमी करावा. आणि ज्यांच्या गावात अशी टोपली नाही त्यांनीही खंत करू नये. पावसाळा संपून डोह निवळला म्हणजे काठावरचा एक चपटा दगड उचलावा आणि भाकऱ्या काढून पाहाव्यात. पहिल्याच भाकरीला दगड बुडाला तर हात आवळला गेला आहे असे समजावे. सहा-सात भाकऱ्या निघाल्या, तर फोरहँडचे निम्मे शिक्षण आपल्या हाताला पूर्वीच मिळाले आहे.